पोलादी पुलावरचा गंज आणि तडे फोटोंतून कसे शोधायचे

अमेरिकेत मेम्फिस शहराजवळ मिसिसिपी नदीवर हर्नांडो डी सोटो नावाचा पोलादी कमानींचा पूल आहे. ११ मे २०२१ रोजी तपासणीसाठी चढलेल्या लोकांना त्याच्या एका मुख्य गर्डरला तडा दिसला. कमानीची दोन टोकं ताणून धरणारा पेटीसारखा गर्डर तो, आणि त्याच्या छेदाचा जवळजवळ निम्मा भाग चिरत गेलेला होता. पूल तातडीनं बंद केला गेला आणि वाहतूक पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला. मग जुनं चित्रण काढून बघितलं, तर मे २०१९ मध्ये ड्रोननं टिपलेल्या चित्रफितीत हा तडा होताच. पुरावा दोन वर्षं पडून होता, पण कुणाची नजर त्या चौकटीवर थांबली नव्हती.

पुलाच्या तपासणीत कॉम्प्युटर व्हिजनकडून, म्हणजे फोटो तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडून, मागायचं ते एवढंच: हजारो चौकटी न कंटाळता बघायच्या आणि संशयाच्या जागा माणसापुढे आधी ठेवायच्या. पूल सुरक्षित आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. पुढची सगळी माहिती एखादा छोटा पोलादी पूल डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे, म्हणजे पादचारी पूल किंवा प्लेट गर्डरचा एका गाळ्याचा रस्तापूल. पहिला प्रकल्प यापेक्षा मोठा घेऊ नका.

काय शोधायचं ते आधी ठरवा

‘नुकसान’ हा शब्द एक असला तरी कॅमेऱ्यापुढे ती चार वेगळी कामं असतात. गंज म्हणजे रंग आणि पोत, तो पसरट असतो आणि सेंटिमीटरांत मोजता येतो. बोल्ट किंवा रिव्हेट ही वस्तू आहे, ती जागेवर असते किंवा नसते. वाकलेली प्लेट हा आकाराचा प्रश्न. आणि भार चढून-उतरून पोलाद थकल्यावर पडणारा तडा ही केसासारखी रेघ असते, पुलावर वजन नसताना मिटून जाणारी.

सुरुवात गंजापासून करा, मग बोल्टकडे वळा. तडे शेवटी. ‘तडे ओळखणारं’ तयार मॉडेल, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम, उतरवून पहिल्याच आठवड्यात पुलावर चालवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती मॉडेलं बहुतेक काँक्रीटच्या फोटोंवर शिकलेली असतात. काँक्रीटचा तडा जाड, काळा आणि नागमोडी असतो. पोलादातला बारीक असतो आणि बहुधा वेल्डच्या कडेनं सरळ जातो. असं मॉडेल पोलादावर लावलं की ते वेल्डची सावली, कोळ्याचं जाळं, रंगावरचा ओरखडा आणि लोंबती वायर अशा सगळ्यांना तडा म्हणतं, आणि खरा तडा सोडून देतं.

काही गोष्टी कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतच नाहीत. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि ४६ माणसं गेली. सुरुवात झाली होती साखळीतल्या एका पट्टीच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाच्या भोकाच्या, आतल्या बाजूनं, अवघ्या अडीच मिलिमीटर खोलीच्या तड्यानं. सांधा सुटा केल्याशिवाय ती जागा दिसण्यासारखी नव्हती. प्लेट आतून किती पातळ झाली, हेही फोटो सांगत नाही.

याउलट १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल पडला, १३ जणांचा मृत्यू झाला, आणि तिथे वाकलेल्या गसेट प्लेट (सांध्यावर तुळया एकमेकींना जोडणाऱ्या प्लेट) २००३ च्या फोटोंत दिसत होत्या. मूळ दोष डिझाइनमध्ये होता, प्लेटची जाडी अर्धा इंच म्हणजे गरजेच्या साधारण निम्मी होती. पण सरळ असायला हवी ती कड वाकलेली आहे, एवढं फोटोवरून ओळखणं हे मशीनला जमणारं काम आहे.

एका पिक्सेलमध्ये किती मिलिमीटर?

या कामातली सर्वात महत्त्वाची आकडेमोड हीच. पुलावर जाण्याआधी ती कागदावर करा. सूत्र सोपं आहे: पुलापासूनचं अंतर गुणिले सेन्सरवरच्या एका पिक्सेलचा आकार, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा).

२४ मेगापिक्सेलच्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो आणि सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिमीचा. ५० मिमीची लेन्स लावून ३ मीटरवरून फोटो घेतला तर ३००० × ०.००३९ ÷ ५० = ०.२३ मिमी. म्हणजे फोटोतला एक पिक्सेल गर्डरवरच्या ०.२३ मिमी इतका. एका फोटोत साधारण १.४ मीटर × ०.९ मीटर भाग येतो.

शोधायच्या गोष्टीची सर्वात अरुंद बाजू निदान ३ पिक्सेल भरली पाहिजे. वरच्या मांडणीत ०.७ मिमीपेक्षा बारीक रेघ हाती लागणार नाही. एम-२० बोल्टचं डोकं ३० मिमी रुंद, म्हणजे सुमारे १३० पिक्सेल, त्याची काळजीच नाही. १२ मीटरवर गेलात तरी ते ३० पिक्सेलांच्या वर राहतं.

तड्यासाठी मात्र चित्र पालटतं. ०.२ मिमीचा तडा ३ पिक्सेलांत बसवायचा तर पुलापासून ८५ सेंटिमीटरवर यावं लागतं आणि एका फोटोत जेमतेम ४० × २६ सेंटिमीटर भाग मावतो. २० मीटर लांबीच्या एकाच वेल्डसाठी, शेजारचे फोटो एकमेकांवर ३० टक्के चढवले तर, सत्तरच्या आसपास फोटो लागतात. सगळा पूल असा टिपत बसणं परवडत नाही. ड्रॉइंग घ्या आणि तडे जिथे सुरू होतात त्या जागांवर खुणा करा: फ्लँजवर (गर्डरच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीवर) वेल्ड केलेल्या कव्हर प्लेटचं टोक, स्टिफनरचं (गर्डर ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्टीचं) खालचं टोक, फ्लँजला जोडलेल्या गसेटचे कोपरे, वेल्डसाठी वेबला (गर्डरच्या मधल्या उभ्या प्लेटला) ठेवलेली अर्धगोल खाच. जवळचे फोटो फक्त याच जागांचे.

मोबाइलच्या सेन्सरचे आकडे शोधत बसू नका. गर्डरवर स्टीलची पट्टी धरा, ठरलेल्या अंतरावरून फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर १०० मिमीमध्ये किती पिक्सेल येतात ते मोजा. ४०० आले तर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा. हेच माप खात्रीचं, कारण त्यात लेन्स, फोकस आणि मोबाइलनं फोटोत परस्पर केलेली सुधारणा सगळंच धरलं जातं.

आणि पुलावरून ऑफिसला फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका. ॲप फोटो आक्रसून टाकतं आणि एवढं जपलेलं माप तिथेच संपतं. पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्यापेक्षा कार्ड किंवा केबलनं उतरवून घेतलेले बरे.

पुलावरचा दिवस

पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. रेल्वेच्या हद्दीत तर ती नसेल तर कॅमेरा बाहेरच काढू नका. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. सेल्फी स्टिकसारखा लांब दांडा तिच्याजवळ नेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते.

ड्रोनचा विचार दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कुठल्या रंगात येते ते बघावं लागतं. त्याहून मोठी अडचण पुलाखाली येते. वर पोलाद असलं की जीपीएस तुटतं, होकायंत्र भरकटतं आणि ड्रोन आपोआप सरकायला लागतो. शिवाय हलत्या कॅमेऱ्याचा धूसरपणा. ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर, हा वेग डोळ्यांना संथ वाटतो, पण १/५०० सेकंदाच्या शटरमध्ये तेवढ्यात ड्रोन २ मिमी पुढे गेलेला असतो. पाव मिलिमीटरच्या पिक्सेलवर तो ८ पिक्सेलांचा धब्बा झाला.

उजेडाची वेळ निवडून जा. ढगाळ हवा सर्वात चांगली, कारण गर्डरवर कडक सावल्या पडत नाहीत. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हातानं ठरवून पक्का करा आणि दर अर्ध्या तासानं रंग पडताळण्याच्या राखाडी कार्डाचा एक फोटो घ्या. गंज रंगावरून ओळखायचा आहे. कॅमेऱ्यानं प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनानं बदलला तर मॉडेल शिकणार काय? तड्यांसाठी याच्या उलट करायचं: टॉर्च प्लेटच्या जवळजवळ समांतर, १५ ते ३० अंशांत धरा. तिरक्या उजेडात रंगातली बारीक चीर सावली टाकते. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये ती नाहीशी होते.

कॅमेरा प्लेटसमोर सरळ धरा. ४५ अंश तिरका झाला की त्या दिशेतली मापं सत्तर टक्क्यांवर येतात आणि गंजाचं क्षेत्रफळ तेवढंच कमी निघतं.

पाणी जिथे साचतं तिथे जास्त वेळ द्या. एक्स्पान्शन जॉइंटच्या (पूल तापून लांबतो त्यासाठी ठेवलेल्या फटीच्या) खालचं बेअरिंग, म्हणजे गर्डर टेकतो तो आधार, खालच्या फ्लँजचा वरचा पृष्ठभाग, गसेटच्या खोबणी. पादचारी पुलात जिन्याच्या तुळयांचे पाय बघा. झाडलेला कचरा आणि धुतलेलं पाणी सगळं तिथेच उतरतं आणि काँक्रीटमधून पोलाद वर येतं त्या रेषेवर गंज आत खात जातो. कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्यामुळे हे सगळं फार लवकर घडतं. दोन प्लेटच्या मध्ये फुगलेला पापुद्र्यांचा गंज दिसला तर त्याचा फोटो बाजूनंही घ्या. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो प्लेट वाकवतो आणि बोल्टसुद्धा ताणून तोडतो.

प्रत्येक फोटोचा पत्ता त्याच वेळी लिहा: गाळा, गर्डर, जोड, बाजू. उदाहरणार्थ ‘गाळा १, गर्डर २, जोड एल-४, नदीकडची बाजू’. सोपा उपाय म्हणजे नव्या जोडाकडे वळताना आधी पाटीवर खडूनं पत्ता लिहून पाटीचाच फोटो काढायचा. ऑफिसात आल्यावर सगळे जोड सारखेच दिसतात.

लेबल: वेळ जातो तो इथेच

मॉडेलला शिकवण्यासाठी फोटोत कुठे काय आहे ते हातानं आखून त्याला नाव द्यायचं, हे लेबल. ३०० ते ५०० फोटोंवर सुरुवात होते. सीव्हॅट किंवा लेबल स्टुडिओ ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. बोल्टसाठी चौकोन पुरतो. गंजासाठी कडेनं बहुभुज काढावा लागतो आणि एका फोटोला पाच-दहा मिनिटं सहज जातात.

लेबल लावण्याआधी एक पानाचे नियम लिहा. गंजाच्या पायऱ्या किती? व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं पुलांच्या गंजाचे ४४० फोटो बारकाईनं लेबल करून खुले केले आहेत. त्यांत चांगली, मध्यम, खराब आणि गंभीर अशा चार अवस्था आहेत. तो संच उतरवून आधी नजर बसवा. नुसता डाग, रंग सुटून दिसणारा गंज आणि पापुद्रे सुटलेला गंज, हे तीन वेगळे ठेवले नाहीत तर पुढे अहवालाला काही अर्थ उरत नाही. वरून ओघळून आलेला तांबडा डाग हा त्या जागेचा गंज नव्हेच. तो वर कुठेतरी गळती आहे, एवढं सांगतो.

आपल्याकडच्या पुलांवर फसवणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमर. रंग गंजाचाच, पण तो पोलादाचं रक्षण करतोय. त्यानंतर पानाच्या पिचकाऱ्या, जांभ्याचा चिखल, रेल्वेच्या ब्रेकची तांबूस धूळ. या सगळ्यांचे फोटो मुद्दाम गोळा करा आणि ‘गंज नाही’ म्हणून संचात घाला, निदान शंभर तरी. पिचकारी मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नव्हे. कोलकात्याच्या हावडा पुलावर खांबांच्या बुडाची पोलादी आवरणं पिचकाऱ्यांनी एवढी झिजली की तिथे फायबरग्लास बसवावं लागलं. त्यासाठी वेगळा वर्ग ठेवा.

आणखी एक सापळा खडूचा. तपासणी करणारे तडा सापडला की त्याभोवती खडूनं किंवा रंगानं गोल काढतात, शेजारी तारीख लिहितात. अशा जुन्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल तडा न शिकता गोल शिकतं. चाचणीत गुण उत्तम पडतात आणि खुणा नसलेल्या पुलावर ते आंधळं ठरतं. खुणा असलेले फोटो बाजूला काढा, किंवा तडा नसलेल्या जागी तशाच खुणा केलेले फोटो जोडीला घाला.

पहिले ५० फोटो दोघांनी स्वतंत्रपणे लेबल करा, दोघांतला एक तरी गर्डरवर चढलेला असावा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे नियम अपुरा आहे, तो सुधारा. आणि ‘शंका’ असा एक वर्ग राहू द्या. खात्री नसताना ओढूनताणून लावलेलं लेबल मॉडेलला चुकीचंच शिकवतं.

मॉडेलपर्यंत

आधी बिनशिक्षणाची पद्धत चालवून बघा. ओपनसीव्ही या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटो एचएसव्ही रंगमांडणीत न्या आणि ह्यू (रंगछटा) ० ते २०, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ८० च्या वर, एवढी गाळणी लावा. ओपनसीव्हीत ह्यू ० ते १७९ धरतात, हे विसरू नका. तासाभरात गंजाचा कच्चा नकाशा हाती येतो आणि रेड ऑक्साइड कुठे कुठे फसवतोय तेही दिसतं. पुढच्या मॉडेलनं निदान याच्यापेक्षा चांगलं करायला हवं.

मग गंजासाठी यू-नेट किंवा डीपलॅब व्ही-३ प्लस (पिक्सेलनुसार भाग रंगवणारी मॉडेलं), बोल्टसाठी योलो (वस्तूभोवती चौकोन काढणारं मॉडेल). गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळणारा टी-४ जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) एवढ्याला पुरतो. मॉडेल कुठलं निवडलं यापेक्षा फोटो त्याला कसा भरवला यानं जास्त फरक पडतो. योलो बहुतेक वेळा ६००० पिक्सेलांचा फोटो मुकाट्यानं ६४० वर आणतं. पाव मिलिमीटरचा पिक्सेल झाला सव्वादोन मिलिमीटरचा, आणि तुमचं गणित वाया गेलं. म्हणून फोटोचे १०२४ × १०२४ चे तुकडे करा, शेजारचे तुकडे १२८ पिक्सेल एकमेकांवर चढवा. एका फोटोचे ३५ तुकडे होतात. तुकडा फार लहानही नको: नुसता तांबडा चौकोन बघून तो गंज की प्रायमर, हे माणसालाही सांगता येत नाही.

फोटो फिरवून, उलटवून, उजेड कमी-जास्त करून संख्या वाढवा. पण ह्यू बदलू नका. योलोसारख्या तयार कोडमध्ये तो बदल सुरूच असतो. तो बंद केला नाही तर रंग सरकलेला गंज बघून मॉडेल गोंधळतं.

फोटोंची विभागणी पुलांप्रमाणे करा. शेजारशेजारचे दोन फोटो एकमेकांवर चढलेले असतात. त्यांतला एक शिकण्यात आणि दुसरा चाचणीत गेला, तर मॉडेल तीच प्लेट पाठ करून आलेलं असतं. तीन पूल असतील तर दोन शिकायला, तिसरा पूर्ण चाचणीला. एकच पूल असेल तर निदान एक अख्खा गाळा वेगळा ठेवा.

९९ टक्के अचूकतेवर भुलू नका. तड्याचे पिक्सेल एक टक्काही नसतात, ‘कुठेच तडा नाही’ म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के मिळवतं. शिकवताना लॉससाठी, म्हणजे मॉडेलची चूक मोजायला, डाइस हे माप वापरा आणि निकाल जोडांच्या संख्येत मोजा. समजा चाचणीच्या पुलावर खराब जोड ४०, मॉडेलनं पकडले ३६, सुटले ४ आणि खोटे इशारे ९०. नव्वद खोटे इशारे बघायला माणसाला तासभर पुरतो. सुटलेले चार जास्त महाग पडू शकतात. म्हणून इशारा देण्यासाठी मॉडेलला किती खात्री हवी तो उंबरठा खाली आणा, खोटे इशारे वाढू द्या, आणि सुटलेले चारही फोटो उघडून कारण लिहा. बहुतेक वेळा कारण फोटोतच सापडतं: धूसर, काळोखा, तिरका.

परत पुलावर

मॉडेलनं दिलेली यादी घेऊन जागेवर जा. पापुद्रे हातोडीनं पाडा, वायर ब्रशनं घासा, अल्ट्रासॉनिक गेजनं उरलेली जाडी मोजा आणि ती ड्रॉइंगमधल्या जाडीशेजारी लिहा. खडबडीत पृष्ठभागावर गेज चुकतं, तेवढी जागा ग्राइंडरनं गुळगुळीत करून जेल लावावं लागतं. संशयित तड्यावरचा रंग काढून डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंगीत द्रव) किंवा मॅग्नेटिक पार्टिकल (चिरेवर गोळा होणारी लोहभुकटी) चाचणी घ्या. रिव्हेट सैल आहे की नाही ते हातोडीच्या आवाजावर आणि हाताला जाणवणाऱ्या कंपावरच कळतं. जागेवर ठरलेलं खरं-खोटं लेबलमध्ये परत भरा. पुढच्या फेरीत मॉडेल सुधारतं ते याच नोंदींमुळे.

अहवालात गंज टक्क्यांत देणार असाल तर आयएसओ ४६२८-३ या रंगावरचा गंज मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची पायरी सोबत लिहा: आरआय ३ म्हणजे १ टक्का पृष्ठभाग, आरआय ४ म्हणजे ८ टक्के. ही पायरी रंगाच्या थराची अवस्था सांगते, पोलादाची उरलेली ताकद नाही, हे वाक्य अहवालात ठळक असू द्या. पूल बंद करणं, भार कमी करणं, दुरुस्ती, हे निर्णय मोजलेली जाडी हातात घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरनं घ्यायचे.

पुढच्या खेपेचे फोटो त्याच जागी उभं राहून, त्याच लेन्सनं घ्या. उभं राहायच्या जागी रंगाचा ठिपका करून ठेवलेला चांगला. पावसाळ्याआधी एक फेरी आणि पावसाळा सरल्यावर दुसरी. सपाट प्लेटवरचे दोन फोटो बोल्टच्या डोक्यांवरून एकमेकांवर अचूक बसवता येतात आणि सहा महिन्यांत गंज कुठे सरकला ते एका नजरेत कळतं. मधल्या काळात पूल रंगवला गेला तर जुन्या फोटोंशी तुलना थांबवा, नव्या रंगावर शे-दोनशे फोटो पुन्हा लेबल करा आणि रंगाखाली झाकलेल्या जागांची जुनी यादी गेजसोबत घेऊन जा.